आतल्या बाजूचा अंगठा

१

चौसाळ्यात हायवेला लागून माझं इस्त्री दुरुस्तीचं दुकान आहे. आज त्याला कुत्रं विचारत नाही, पण चौऱ्याण्णव साली मी संगमेश्वर स्वतःला कारखानदार समजत होतो. हसू नका. दुकानाच्या मागे दहा बाय बाराची पत्र्याची खोली होती आणि त्या खोलीत विजेच्या इस्त्रीच्या कॉइली तयार व्हायच्या. बाजार उघडला, बाजार उघडला असं तेव्हा जो तो म्हणायचा. टीव्हीवर रोज नवी इस्त्री, नवा टोस्टर. त्या सगळ्यांच्या पोटात जी तापणारी पट्टी असते, ती अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यावर गुंडाळलेली असते. गिऱ्हाइकाला इस्त्री दिसते, अभ्रक कधी दिसत नाही. औरंगाबादचा एक इस्त्रीवाला माझ्या कॉइली उचलायचा आणि दिवाळीच्या तोंडावर त्याला दुप्पट माल हवा असायचा.

अभ्रक बिहारातून यायचं. आमच्या धंद्यात त्याला मायका म्हणतात. पेटी आली की माझी बायको गंगासागर हमखास म्हणायची, “आला बगा तुमचा मायका! माज्या मायक्याहून मातर कोनी येत न्हाई.” तिचं माहेर माजलगावचं, दोन तासांवर. तिचा भाऊ खरंच येत नसे.

अभ्रकाचा ठोकळा असतो. दिसायला दगड, पण आत शेकडो पापुद्रे एकावर एक बसलेले. कोपऱ्यावर नखानं टकटक करायचं, कोपरा जरासा फुलतो, मग नख आत सारून पापुद्रा अलगद सोडवायचा. मोठ्या माणसाचं नख जाड, त्यानं पापुद्रा फाटतो. सुरीनंही फाटतो. माझी मुलगी रुद्राणी दहा वर्षांची होती, पाचवीत. तिचं नख असं शिरायचं की बघत राहावं. ठोकळ्याला ती वही म्हणायची. “अप्पा, आज किती वह्या सोडवायच्या?” मला त्याची गंमत वाटायची. तिची शाळेतली हजेरी निम्म्यावर आली होती, ते मात्र मी मनावर घेत नव्हतो.

गंगासागर घेत होती. एकदा जेवताना तिनं रुद्राणीचा हात माझ्या ताटाशी आणला. बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती, नखाखाली चिरा होत्या.

“कावून बसवता वो लेकराला? गुर्जी घरी येऊन गेले दोनदा.”

“एवढी दिवाळी जाऊ दे,” मी म्हणालो. “मग तिला त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकू देणार नाही.”

“नुस्तं बोलू नका.”

मी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून शब्द दिला. आम्हा लिंगायतांत असा शब्द कोणी मोडत नाही. मलाही मोडायचा नव्हता, फक्त दिवाळीपर्यंत ताणायचा होता.

२

त्या वर्षी माल वेळेवर आलाच नाही. श्रावण संपला, गणपती गेले, पेटीचा पत्ता नाही. मी मुंजाजीच्या एसटीडी बूथवर जाऊन बिहारला फोन लावला. मुंजाजी माझा शाळेपासूनचा दोस्त, तोंडाचा फटकळ.

“काय बे संगमा, बिहारात दुसरी सासरवाडी केली का काय?”

“गप बे, लागला फोन.”

पलीकडे व्यापाऱ्याचा मुनीम होता. लाइनवर नुसती खरखर. दोनदा ओरडल्यावर त्याचा आवाज आला, “माल नहीं है सेठ. खान बैठ गई.”

आता माझी हिंदी म्हणजे बीडची हिंदी. आमच्याकडं गल्लीगल्लीत खान. टेलर खान, भंगारवाले खान, माझ्या दुकानाचा पत्रा ठोकणारेही खानच. मला वाटलं, ह्यांना माल पुरवणारा कोणी खान असणार. आणि आमच्याकडं धंदा बुडाला की माणूस बसला म्हणतात. म्हणजे खानसाहेब बसले. गई म्हणाला की गये म्हणाला, कोण कान देतो त्या खरखरीत!

“फिर?” मी ओरडलो.

“बच्चे उतरने को तैयार नहीं हैं. डरते हैं.”

झालं, चित्र पुरं झालं. बाप बसला आणि पोरं धंद्यात उतरायला भितात. असल्या पोरांचा मला भारी राग. मी स्वतः सोळाव्या वर्षी दुकानात उतरलेला माणूस. मला चेव आला.

“डरने का क्या उसमें? बच्चों को बोलो, उतरो! खान बैठ गया तो बैठने दो. पीछे हम हैं ना! मेरा नाम लेके बोलो, चौसाळेवाले संगमेश्वर सेठ ने बोला है.”

मग मुनीम हळू म्हणाला, “आप बोल रहे हैं? उतार दें?”

“उतारो! जितना निकलेगा, पूरा माल मेरा.”

फोन ठेवला तेव्हा मुंजाजीनं काउंटरवर थाप मारली. “वा रे शेट! बिहारची पोरंबी कामाला लावली तुनं.” मी त्याला चहा पाजला. रात्री जेवताना घरातही ही गोष्ट रंगवून सांगितली. एका वाया जाणाऱ्या घराला मी वळण लावलं असं मला मनापासून वाटत होतं. आज ते आठवलं की जीभ उपटून टाकावीशी वाटते.

३

बाविसाव्या दिवशी बीडच्या ट्रान्सपोर्टवर पेटी आली. दरवेळी आत वाळलेलं गवत असायचं. या वेळी गवत नव्हतं, लाल माती होती, आणि ती ओली होती. आठवडाभराचा प्रवास करून आलेली माती ओली कशी, हा प्रश्न मला पडला. मग वाटलं, वाटेत पाऊस लागला असेल. माणसाला उत्तर हवं असलं की ते लगेच सापडतं.

सगळे ठोकळे लहान होते. एकच मोठा, विटेएवढा, कोऱ्या चहाच्या रंगाचा. रुद्राणीनं तोच आधी घेतला.

दुपारी दुकानात मी कोणाच्या तरी इस्त्रीचा प्लग बदलत होतो, तर मागून तिची हाक आली. “अप्पा, हे बगा.”

तिच्या हातातल्या पापुद्र्यावर अंगठ्याचा ठसा होता. मी भडकलो. “तेलाचे हात लावू नको म्हणून किती वेळा सांगितलं तुला?”

“माजा न्हाई. मी हात लावायच्या आधीच हाय.”

मी पापुद्रा घेतला, रॉकेलच्या बोळ्यानं पुसला. ठसा गेला नाही. उलटा करून पुसला, तरी गेला नाही. म्हणजे तो वरही नव्हता आणि खालीही नव्हता. रुद्राणीनं कोपऱ्याला नख लावलं आणि त्या पापुद्र्याचे दोन केले. आतली बाजू उघडी पडली. आता बोळा फिरवला तर ठसा लगेच पुसला गेला आणि बोळ्यावर लाल माती आली.

मी ती बोळ्यावरची माती पुष्कळ वेळ बघत बसलो. अभ्रक जमिनीच्या पोटात तयार होतं. तो पापुद्रा पहिल्यांदा उघडला तो माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या लेकीनं. त्याच्या आत हवासुद्धा गेलेली नसते.

ठोकळ्यात चीर गेली असेल, ओल शिरली असेल, असं मी तिला सांगितलं. तरी मग शाईचा पॅड आणून तिचा अंगठा कागदावर उठवून घेतला. पुढच्या पापुद्र्यात पुन्हा ठसा निघाला, त्याच्याशी ताडून पाहिला. तिचा नव्हता. तिच्या अंगठ्याहून तो लहान होता.

४

पुढच्या चार दिवसांत मोठ्या ठोकळ्याचे शेकडो पापुद्रे निघाले. बाकी सगळे ठोकळे साफ होते, फक्त ह्यातच ठसे. आधी अंगठा. मग अंगठा आणि एक बोट. मग तीन बोटं. मग तळव्याची कड. आणि दरवेळी ठसा आमच्या बाजूला दाबलेला, कोणी पलीकडून दार ढकलावं तसा.

मी रोज नवं कारण शोधत होतो. बुरशी असेल, खनिजाचा डाग असेल, निसर्गात काय काय आकार सापडतात. दुपारी दोन वाजता, हायवेवरून ट्रक जातायत, समोरच्या हॉटेलात भजी तळतायत, अशा वेळी दुसरं काही मानणं शक्यच नव्हतं.

आवाजही त्याच आठवड्यात सुरू झाला. रुद्राणी कोपऱ्यावर नखानं टक टक करायची. ती थांबली की एकदाच टक व्हायचं. मी म्हणालो, पत्रा तापतो, तडकतो, त्याचा आवाज आहे. तिनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आभाळ होतं, वीज गेलेली, पंखा बंद, पत्र्याला हात लावला तर गार. रुद्राणीनं टक टक केलं. मी उंबऱ्यात उभा होतो. सगळं इतकं गप्प होतं की मला माझा श्वास ऐकू येत होता. मग ठोकळ्यातून टक झालं, अगदी दमलेलं.

“बगा,” ती म्हणाली. तिला भीती वाटत नव्हती. तेच मला सहन होईना.

“रुद्रा, ऊठ. आज बास.”

“थोडंच राहिलंय अप्पा. तो म्हनतो, थोडंच राहिलंय.”

“कोण तो?”

“नाव न्हाई सांगत. त्याला मराठी येत न्हाई ना.”

त्या संध्याकाळी तिनं आपणहून हिंदीचं पुस्तक काढलं. गंगासागरला आनंद झाला. पोरगी अभ्यास करतेय म्हणून तिनं शिरा केला. मी तो गिळला. ठोकळा फेकून द्यावा असं मनात दहादा आलं आणि दहादा मी स्वतःला गाढव म्हणालो. खरं सांगायचं तर दिवाळीचा माल अर्धाच झाला होता आणि त्या एका ठोकळ्यात बाकीच्या सगळ्यांएवढं अभ्रक होतं. मी तिला उठवलं नाही. एवढं सगळं ऐकून, बघून, मी माझ्या लेकीला तिथंच बसू दिलं.

५

शुक्रवारी सकाळी ती पुस्तक मांडीवर उघडं ठेवून ठोकळा सोडवत होती. मी शेजारी पट्टी गुंडाळत होतो.

“अप्पा, तो सारखं एकच म्हनतो. खान बैठ गई, खान बैठ गई.”

माझ्या हातातली पट्टी सुटली. पण मग आठवलं, मीच तर घरात ही गोष्ट सांगितली होती. पोरांच्या डोक्यात कुठलंही वाक्य बसतं. मी हसून म्हणालो, “खान म्हणजे त्यांचा माल पुरवणारा. त्याचा धंदा बसला.”

“न्हाई वो,” तिनं पुस्तकाच्या मागच्या पानावरच्या शब्दार्थांवर बोट ठेवलं. “खान म्हंजी खाण. हे बगा ना. बैठ गई म्हंजी...” तिला तो शब्द सापडेना. तिनं हाताचा तळवा वर धरला आणि सावकाश खाली आणला.

मला सगळा फोन पुन्हा ऐकू आला. बच्चे उतरने को तैयार नहीं. डरते हैं. आप बोल रहे हैं? उतार दें?

मी उठलो तो अनवाणी हायवे ओलांडून मुंजाजीच्या बूथवर. त्यानं माझं तोंड बघितलं. नंबर त्यानंच फिरवला. या वेळी लाइन लख्ख होती. मुनीम जणू शेजारच्या खोलीतून बोलत होता.

“माल मिला ना सेठ?”

“वो बच्चे,” मी म्हणालो. “कितने उतरे थे?”

“पाँच. चार ऊपर आ गये.”

“और पाँचवा?”

“वो सबसे छोटा था. बैठी हुई खान में रास्ता पतला रहता है ना, वही घुस सकता था. बहुत रो रहा था. आपका नाम बोला, सेठ पीछे हैं, तब उतरा.”

“तो निकालो उसको!” मी ओरडलो. “निकालो ना!”

“अब क्या निकालना सेठ. खान का मुँह बंद करवा दिया मालिक ने. पुलिस का झंझट कौन करे.” तो थांबला आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, “और माल चाहिए क्या?”

फोन मुंजाजीनं माझ्या हातातून काढून घेतला. मला बाकावर बसवलं, पाणी दिलं. “तुजा काय दोष बे, तुला काय म्हाईत,” असं तो पुनःपुन्हा म्हणत होता. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण शेंबडी पोरं डोंगराच्या पोटात शिरल्याशिवाय इतकं स्वस्त अभ्रक येतं कुठून, हा विचार मी सहा वर्षांत एकदाही केला नव्हता, आणि केला नव्हता कारण करायचा नव्हता. तेवढं मला म्हाईत होतं.

६

मी परत आलो तेव्हा अकरा वाजले असतील. खोलीत ऊन आलं होतं. रुद्राणीनं ठोकळा जवळजवळ संपवला होता. हातात वहीच्या पुठ्ठ्याएवढा जाड तुकडा उरला होता. तिची नखं रक्ताळली होती, फ्रॉकवर डाग पडले होते.

“अप्पा, चारच राहिलेत,” ती म्हणाली. आनंदानं म्हणाली. “तुमी धरा, मी नख घालते.”

मी तो तुकडा घेऊन खिडकीशी धरला. ऊन त्यातून चहाच्या रंगाचं होऊन आलं. मधोमध एक अख्खा तळवा होता, पाचही बोटं फाकलेली, काचेला टेकवल्यासारखी दाबून पांढरी पडलेली. तळव्याच्या मागं काहीतरी गोल, काळं होतं. ते काय होतं याकडं मी नीट बघितलं नाही. मी बघितलं ते एवढंच, की तळव्याच्या वरच्या अंगाला, पापुद्र्यांच्या आत, वाफेचा एक डाग धरत होता. रुपयाएवढा व्हायचा, मग विरायचा, मग पुन्हा धरायचा. थंडीत लेकरं खिडकीच्या काचेवर तोंडानं करतात तसा.

रुद्राणीनं बाहेरून त्या तळव्यावर आपला तळवा ठेवला. वाफेचा डाग भराभरा धरायला लागला.

“लवकर करा ना अप्पा.”

चार पापुद्रे. तिच्या नखाला ते पाच मिनिटांचं काम होतं. मी तिच्या हाताला हिसका दिला आणि तुकडा पोटाशी धरून खोलीबाहेर पडलो. ती किंचाळत मागं आली. गंगासागर स्वयंपाकघरातून धावली, तिला मी ओरडून सांगितलं, धर तिला, धर. तिनं लेकीला कवेत घेतलं.

मला भुताची भीती वाटली असं लोकांना वाटेल. तसं नव्हतं. त्याला माझं नाव माहीत होतं. तो बाहेर आला असता आणि माझ्या बायकोपोरीसमोर त्यानं मला नावानं हाक मारली असती, ह्याची मला भीती वाटली.

दुकानामागच्या मोकळ्या जागेत मी कुदळीनं हातभर खड्डा केला. देव्हाऱ्यातली विभूती आणली, बेलाचं पान आणलं. आमच्यात माणसाला पुरतात, लहान असो मोठा असो. मी मनाशी म्हणत होतो, त्याच्या माणसांनी केलं नाही ते मी करतोय, नीट मूठमाती देतोय, सुटेल बिचारा. तुकडा खाली ठेवताना बोटांना तो ऊबदार लागला. मी पहिली मूठ टाकली, तेव्हा आतून टक झालं. दुसरी टाकली, पुन्हा झालं. जो आतून वाजवतोय त्याला कोणी मूठमाती देतं का? हे मला तेव्हाही कळत होतं. मी मुठी सोडून खोऱ्यानं माती लोटली, पायानं दाबली, वर दगड आणून ठेवला. मग ऐकू येईनासं झालं.

पेटीतलं उरलेलं अभ्रक मी त्याच दुपारी बाहेर काढून टाकलं. औरंगाबादला कळवलं, कॉइली मिळणार नाहीत. गंगासागरला दिलेला शब्द असा पाळला गेला, दिवाळीच्या आधीच. तिनं बोटांना हळद लावून लेकीला झोपवलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. रुद्राणी आपली आपण उठली, वेणी घालून घेतली, दप्तर भरलं. मी दुकानाच्या पायरीवर बसलो होतो, रात्रभर तिथंच होतो. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. रडून डोळे सुजले होते, पण आवाज साधा होता.

“अप्पा, मी त्याला सांगितलं होतं,” ती म्हणाली. “भिऊ नको, माजे अप्पा सोडवतील तुला.”

मग ती दप्तर सावरून हायवेच्या कडेकडेनं शाळेला गेली.